डाग कुणाचा ते विचारायचं नाही

६ फेब्रुवारी

साबणवाल्याने या वर्षी कॅलेंडरऐवजी डायरी दिली. दुपारी शटर अर्धं ओढलं की तासभर माझा असतो, तेव्हा लिहायला हरकत नाही. बोलायला तरी कोण आहे? हे लिफ्ट दुरुस्त करत गावभर हिंडतात आणि घरी आले की तोंडाला कुलूप. लेक आठवीत, तिला माझं बोलणं म्हणजे कटकट. राहता राहिल्या वन्सं. आम्ही दोघी दिवसभर एकाच काउंटरमागे, एकमेकींना सांगायला नवीन काय उरणार!

आज कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कोट टाकायला आल्या. बाहीवर पिवळट तपकिरी डाग होता. मी लांबूनच म्हटलं, "आयोडीन. कालचं." त्या हसल्या, पण पावती होईपर्यंत त्यांनी मलाच पकडलं. "ताई, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केलीत का कधी?" म्हटलं, मला काही होत नाही. तर म्हणे, काही होत नसतानाच करायची असते ती. कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी कळतं म्हणे. जाताना म्हणाल्या, "नणंदबाईंनाही घेऊन या."

वन्सं मागे शर्टाला इस्त्री करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण इस्त्री एकाच जागी धरून बसल्या. "वन्सं, कॉलर!" म्हणून मी ओरडले तेव्हा कुठे उचलली. लहानपणापासून इस्त्री धरणाऱ्या बाईच्या हातून असं व्हावं? वय झालं म्हणायचं.

७ फेब्रुवारी

डागावरून आठवलं म्हणून लिहून ठेवते. ही लाँड्री सासऱ्यांनी, अण्णांनी, काढली. त्यांचा नियम होता की गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारायच्या, डाग कशाचा आणि किती जुना. डाग कुणाचा, कुठे लागला, ते विचारायचं नाही. सुरुवातीला एकदा त्यांनी एका साहेबांना गमतीत विचारलं होतं, "ही लाली कुणाची?" शेजारी त्यांची बायको उभी! साहेब पुन्हा फिरकले नाहीत, बायकोही नाही, कोट मात्र आमच्याकडेच राहिला. हे अजून तो कोट थंडीत घालतात.

वन्सं तर या दुकानातच रांगल्या. यजमान गेल्यावर त्या माहेरी परत आल्या, त्यालाही आता लेकीच्या वयाएवढी वर्षं झाली. हा नियम त्यांच्या हाडात मुरलाय. मला मात्र जड जातो. माझी जीभ वळवळते.

११ फेब्रुवारी

गेले एकदाची तपासणीला. अशा टेबलावर झोपवतात की आपल्या आईलाही तोंड दाखवू नये असं वाटतं. "सैल सोडा," म्हणे. सैल सोडा! दात आवळून सैल सोडलं. एक लांब दांड्याचा बारीक ब्रश आत फिरवला, आमच्या डाग काढायच्या टेबलावर असतो साधारण तसाच. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. एवढ्यासाठी रात्रभर तळमळले मी.

वन्सं आल्या नाहीत. नर्सिंग होमच्या चादरी भिजत घातल्यात म्हणाल्या. मागच्या मोरीत त्यांची झाकणाची बादली असते, गार पाण्याची, मूठभर मीठ टाकलेली. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग जन्माचा बसतो, हे लाँड्रीतलं पहिलं शिक्षण. पूर्वी हे काम आम्ही वाटून करायचो. हल्ली त्या मला बादलीला हात लावू देत नाहीत. "तू काउंटर सांभाळ, घाण काम माझं." अशी नणंद मिळायला नशीब लागतं.

मी म्हटलंही, "तुम्हाला काय गरज म्हणा तपासणीची. हे सगळं नवरा असलेल्या बायकांचं. तुमचं शटर तर कधीच खाली."

वन्सं हसल्या. "तेच की. आणि काही निघालंच, तर लोक म्हणतील विधवा बाई आणि हे कुठून आलं?"

मीही हसले. त्या मोकळेपणी असं काही बोलतात तेव्हा बरं वाटतं.

१९ फेब्रुवारी

लेकीला रागावले. पॅडचा पुडा आणून आठवडा नाही झाला आणि रिकामा! "खातेस की काय?" तर म्हणे, "मी नाही घेतले." "मग कोणी, तुझ्या बापाने?" ती काहीतरी बोलणार होती. आत्याकडे बघितलं आणि गप्प बसली. वन्सं म्हणाल्या, "वाढतं वय आहे, पोरीला ओरडू नकोस, मी आणते दुसरा." आणि तशाच उठून घेऊनही आल्या. आत्याने लाडावून ठेवलंय.

त्या गडबडीत माझा चष्मा सापडेना. सगळं दुकान पालथं घातलं. वन्सं म्हणाल्या, "काखेत कळसा! डोक्यावर बघ." होता डोक्यावर.

२७ फेब्रुवारी

आज रिपोर्ट आला. मला तो विषाणू आहे. एचपीव्ही म्हणतात त्याला.

डॉक्टरीणबाई खूप बोलल्या. हा कॅन्सर नाही, पहिल्यांदा तेच ऐका, म्हणाल्या. हा विषाणू लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा जात नाही, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, आणि मग हळूहळू तिथल्या पेशी बिघडवतो. म्हणून दुर्बिणीने बघायचं. बिघाड असला तर तिथल्या तिथे काढून टाकायचा. बाईने कागदावर चित्रसुद्धा काढून दाखवलं, पिशवी आणि तिचं तोंड. मी मान हलवत होते.

खरं सांगायचं तर माझ्या कानात एकच शब्द राहिला. संबंधातून. संबंधातून लागतो.

मी आयुष्यात एकाच माणसाबरोबर निजले आहे.

२८ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. हे सकाळी विचारत होते, रिपोर्टचं काय झालं. म्हटलं, आलाय. "मग?" म्हटलं, मग काही नाही. चहाचा कप हातात धरून ते दारात किती वेळ उभे होते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मनात काही नसतं तर एवढं कशाला बघतील?

लिफ्टवाल्याचं काम म्हणजे कसं, कुणाच्या घरात, कुणाच्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, कोण विचारतंय! दुपारचा फोन येतो, "लिफ्ट अडकली." आणि हे निघतात. इतकी वर्षं मी त्याच फोनवर डबा भरून देतेय.

२ मार्च

आज त्यांचा शर्ट डागाच्या टेबलावर घेतला. घरचे कपडे कधी त्या टेबलावर येत नाहीत. दिव्याखाली बघितलं. उजव्या खांद्यावर फिकट गुलाबी डाग होता. कापसाला स्पिरिट लावून टिपला, रंग उतरला, तेलकट. गंज नव्हे, ग्रीस नव्हे. ओठांची लाली! दोन-तीन दिवसांची.

वन्सं बाजूलाच खुर्चीवर बसल्या होत्या. हल्ली त्या कंबर धरून बसतात आणि खुर्चीवर जुन्या चादरीची घडी ठेवतात, टोचतं म्हणे. त्यांनी सगळं बघितलं. काही विचारलं नाही. शर्ट माझ्या हातातून घेतला आणि धुवायला टाकला.

"भावाचा पुरावा धुताय?" मी म्हटलं.

"धुवायलाच बसलोय आपण इथे," त्या म्हणाल्या.

रागाने माझं अंग पेटलं. शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचंच.

५ मार्च

बोलले आज. लेक शाळेत, वन्सं बाजारात, हे जेवायला आले होते. ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, "मला विषाणू आहे. संबंधातून लागतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो त्याने. आता सांगा, कोण आहे ती?"

त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "कॅन्सर?"

"मी कोण आहे ती विचारतेय!"

"तुला कॅन्सर झालाय का?"

"विषय बदलू नका! शर्टावर लाली कुणाची?"

तर म्हणे, एक ऐंशी वर्षांची म्हातारी लिफ्टमध्ये अडकली होती, बाहेर काढल्यावर खांद्यावर डोकं टेकून रडली. ऐंशीव्या वर्षी लाली! मी म्हटलं, कुणाला वेड्यात काढता? त्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या, कधी कळेल?" चोराच्या मनात चांदणं! खरा माणूस आधी शपथ घेईल, भांडेल. हे तारीख विचारतात.

जेवण तसंच टाकून गेले. जावोत.

८ मार्च

हे तीन दिवस धड जेवले नाहीत. अपराध पचत नाही म्हणायचा.

आज दवाखान्यावरून जाताना बघितलं तर हे आत बाकावर, दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसलेले. मला बघितलं आणि उठून आले. "सहज आलो होतो." सहज! बायकांच्या दवाखान्यात! स्वतःची तपासणी करून घ्यायला गेले असणार, पकडले जाऊ म्हणून. मागाहून बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ताई, पुरुषांची अशी तपासणी आम्ही करत नाही. ते दुसरंच विचारायला आले होते. तुमच्या तपासणीला सोबत आत बसता येईल का, म्हणून."

पण एवढं बोलायचंय तर माझ्याशी बोला ना.

१२ मार्च

दुर्बिणीची तपासणी झाली. हे आले होते. मी त्यांना आत येऊ दिलं नाही, ते बाहेर बाकावर बसले.

बाईंनी कापसाने आत काहीतरी लावलं आणि नाकाला ओळखीचा वास आला. म्हटलं, "व्हिनेगर?" "तसंच, सौम्य," म्हणाल्या. "बिघडलेला भाग त्याने पांढरा पडतो, मग दिसतो." आम्ही व्हिनेगरने डाग घालवतो, या दाखवतात! मलाही पडद्यावर बघायला सांगितलं. गुलाबी तोंड, आणि एका बाजूला नखाएवढा पांढरा ठिपका. इतकी वर्षं लोकांचे डाग शोधले आणि माझा हा असा आत बसला होता. रडू फुटलं. घाबरले होते, लपवण्यात काय अर्थ आहे.

तुकडा काढलाय तपासायला. बाई म्हणाल्या, "ताई, आता मला एक सांगा. हा ठिपका किती जुना असेल असं वाटतं?"

म्हटलं, मला काय कळणार.

"मलाही नाही कळत. पाच वर्षं, दहा वर्षं, लग्नाच्या पहिल्या वर्षीचाही असेल. तुमच्या यजमानांना लग्नाच्या आधी कधीतरी लागलेला असेल. हा विषाणू काही न करता नुसता झोपून राहतो. तो कुणाकडून आला, कधी आला, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. त्यामुळे ते शोधत बसू नका. तो आता काय करतोय, एवढंच बघायचं."

डॉक्टर आहेत, घर मोडू नये म्हणून सगळ्याच बायकांना असं सांगत असतील. लेकीला लस द्या असंही म्हणाल्या, तिच्या वयात सगळ्यात चांगली लागू पडते. म्हटलं, तिच्या ओठावरचं दूध वाळलं नाही अजून, तिला या भानगडी कशाला. बाईंनी नुसता सुस्कारा टाकला.

१८ मार्च

यांच्याशी बोलणं बंद आहे. निरोप लेकीमार्फत. "बाबांना सांग पाणी तापलंय." "आईला सांग कळलं." लेक आज चिडून म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे का? आणि तुमचं भांडण संपलं की जरा आत्याकडे बघा."

"आत्याला काय झालंय?"

"तूच विचार ना!"

विचारणार होते. पण वन्सं आतून म्हणाल्या, "काही नाही गं, कंबर. इस्त्रीसमोर उभं राहून राहून." खरंच, फार उभ्या राहतात त्या. आणि हल्ली नेहमी गडद कपडे घालतात, तपकिरी नाहीतर काळे, त्यात आणखीच थकलेल्या दिसतात. तो फिकट पिवळा झगा किती शोभायचा त्यांना. अत्तरही लावायला लागल्यात, जवळ गेलं की घमघमाट. म्हटलं, "वन्सं, विचार काय आहे?" तर लाजल्या बिचाऱ्या.

२३ मार्च

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. त्याच्या अलीकडची पायरी आहे. तेवढा भाग चटका देऊन जाळून टाकतात, त्याच दिवशी घरी. बाई म्हणाल्या, वेळेवर आलात. पायऱ्या उतरून आले. खाली हे उभे होते. मी न बोलता रिपोर्ट पुढे केला. त्यांनी वाचला, घडी केली, परत उघडून वाचला, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. रस्त्यात माणसं बघत होती.

माझ्या मनात आलं, हात लावावा. मग ती लाली आठवली.

२७ मार्च

चटका देऊन झाला. पोटात कळ आली, तेवढंच. आठवडाभर आराम करायला सांगितलंय, म्हणून दुकानाच्या वर घरात खाटेवर पडून लिहितेय.

दुकान वन्सं एकट्याने सांभाळतात. आज बाईंचे कोट पोचवायला गेल्या त्या दुपार सरली तरी परत येईनात. पंधरा पावलांवर दवाखाना! शेवटी आल्या, तोंड उतरलेलं. म्हणाल्या, गर्दी होती. कोट पोचवायला कसली गर्दी?

२९ मार्च

हे मी लिहून ठेवणार आहे, जसं झालं तसं.

सकाळी मी बॅग भरत होते. लेकीला घेऊन बहिणीकडे जायचं ठरवलं होतं, कायमचं की काय ते तिथे गेल्यावर बघू. हे खाली बसले होते, अडवतसुद्धा नव्हते. वन्सं वर आल्या. दार लावून घेतलं.

"बॅग खाली ठेव."

"वन्सं, तुम्ही मधे पडू नका. तुमचा भाऊ आहे, तुम्ही त्याचीच बाजू घेणार."

"तो तसा नाही."

"तुम्हाला काय माहीत? तो विषाणू आभाळातून पडला का?"

त्या खाटेवर बसल्या. बसताना आधी हाताने खाली चाचपून बघितलं, घडी नव्हती. मग तशाच बसल्या. म्हणाल्या, "मलाही आहे."

मला कळलंच नाही. "काय आहे?"

"तुला होता तोच. परवा कोट घेऊन गेले तेव्हा बाईंनी धरून बसवलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, तुम्ही पांढऱ्या पडलाय. मग तपासलं. ब्रश-बिश काही लागलं नाही, नुसतं डोळ्यांनीच दिसलं त्यांना. तुकडा पाठवलाय, पण म्हणाल्या, हे त्याच विषाणूचं काम, मोठ्या इस्पितळात जायची तयारी ठेवा. माझे यजमान जाऊन इतकी वर्षं झाली. लेक तुझी पाळण्यात होती. त्यानंतर मला कुणी बोटही लावलं नाही, हे तुला माहीत आहे. मग आता मला सांग, माझा कुठून आला? कोण आहे तो?"

मी तिथेच फरशीवर बसले.

"तेव्हापासून आत होता," वन्सं म्हणाल्या. "ते गेले, तो राहिला. बाई तुला खरं तेच सांगत होत्या. लेकरा, तू विचारत होतीस चुकीच्या माणसाला."

मग सगळं एका दमात माझ्या अंगावर आलं. बादली. नर्सिंग होमच्या चादरींचं काम तर त्यांच्या मालकाचं दिवाळं निघालं तेव्हाच, जानेवारीत, बंद झालंय! मीच त्यांचं शेवटचं बिल केलं होतं, आणि तरी वन्सं चादरी म्हणाल्या तेव्हा मला खटकलं नाही. तरी रोज गार पाणी भरलं जात होतं आणि मी कौतुक करत होते. पॅडचे पुडे. खुर्चीवरची घडी. काळे कपडे. अत्तर. अत्तराची मी थट्टा केली!

"कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. आधी थेंबभर. मग वाढलं."

"मला का नाही सांगितलंत? मी डागाचं खाते, वन्सं! एवढ्या रक्ताचा एक ठिपका मला दिसला नाही!"

"तुला दिसेल असं धुते का मी?" त्या म्हणाल्या. आणि हसल्या. "अण्णांची मुलगी आहे."

दुसऱ्या कुठल्याही घरात चादरीवर, गादीवर, खुर्चीवर काहीतरी दिसलं असतं. आमच्याच घरात दिसलं नाही.

"तुमचं शटर कधीच खाली," असं मी त्यांना म्हणाले होते. दात काढून म्हणाले होते. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर येता येता राहिल्या असतील.

खाली गेले. हे तसेच बसले होते. सांगितलं. ते ताडकन उठले आणि ताईऽ म्हणून लहान मुलासारखे जिन्याने धावले. मी त्यांची माफी मागितली नाही अजून.

९ एप्रिल

मोठं इस्पितळ. लांब गल्ल्या, भिंतीवर बाण, बाणांमागे चालत जायचं. वन्सं मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. आजार गर्भाशयाच्या तोंडाबाहेर थोडा पसरलाय. दुसरी पायरी म्हणतात. ऑपरेशन नाही, किरणं द्यायची, आठवड्यातून एकदा औषधाची सलाईन. डॉक्टर म्हणाले, बरं होण्याची शक्यता चांगली आहे, पण सहा महिने आधी आला असतात तर... पुढचं त्यांनी गिळलं.

सहा महिने जाऊ दे. फेब्रुवारीपासून मी काय करत होते? नवऱ्याचे शर्ट दिव्याखाली धरत होते.

परत येताना हे बसमध्ये माझ्या बाजूला बसले. म्हटलं, "चुकलं माझं." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या म्हातारीला घेऊन येतो एकदा. लाली लावूनच." मी हसले आणि मग हुंदकाच आला. पुढच्या सीटवरून वन्संनी मागे न बघता रुमाल दिला.

१७ मे

किरणं चालू आहेत. वन्सं काही खात नाहीत, जुलाब होतात, कातडी काळवंडली. परवा सलाईनच्या दिवशी इतक्या ओकल्या की मला वाटलं झालं सगळं. रात्री मी त्यांच्या पायथ्याशीच झोपते. मधूनच उठून श्वास चालू आहे का बघते.

बादली आता मी धुते. पहिल्या दिवशी त्यांनी झाकणावर हात ठेवला. "नको, घाण काम आहे." म्हटलं, "हात काढा." त्या बघत राहिल्या, मग काढला. गार पाणी, मूठभर मीठ, हळू चोळायचं. मी चोळते आणि रोज किती आहे ते बघते.

२ जून

काल वन्संना थोडी हुशारी होती. लेकीला जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला लस कधी देतेस?"

"वन्सं, आधी तुम्ही बऱ्या व्हा..."

"ओठावरचं दूध वाळायची वाट बघतेस? मला माझ्या लग्नात काय माहीत होतं? तुला तुझ्या? कुणी शिकवलं आपल्याला? मी मरेन तेव्हा मरेन, पण ही जर कधी अशी बादली लपवत बसली तर मी वरून येऊन तुझ्या झिंज्या उपटेन."

लेक मधेच म्हणाली, "मला केव्हाच माहीत होतं आत्याला रक्त जातं. तिने शपथ घातली होती." आणि रडायला लागली. चौदा वर्षांच्या पोरीने एवढं ओझं उचललं आणि मी तिला विचारलं, पॅड खातेस का!

आज सकाळीच दंडाला सुई. बाईंनी विचारलं, "दुखलं का?" लेक म्हणाली, "आईच्या बोलण्यापेक्षा कमी."

२१ जुलै

आतून द्यायची किरणंही संपली. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी फोटो काढायचे, तेव्हाच नक्की सांगता येईल. तोवर वाट बघायची. वाट बघण्यासारखी शिक्षा नाही.

आज एक तरुण बाई चादर घेऊन आली होती, घडीच्या आत घडी घालून. उघडून बघितलं. ती घाईने म्हणाली, "जुना डाग आहे, धुऊन द्या फक्त." मी नेहमीचं विचारलं, कशाचा, किती जुना. मग जीभ वळवळली, आणि या वेळी मी तिला आवरलं नाही. "कुणाचा?"

तिचं तोंड लाल झालं. चादर ओढून घ्यायला लागली. मी घट्ट धरली. म्हटलं, "रागावू नका. आमच्या घरात कुणी विचारलं नाही, म्हणून विचारते."

तिने चादर सोडली. मग म्हणाली, "सासूबाईंचा." मी तिला पावतीच्या मागे दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. गेली. जाईल का नाही, देव जाणे. एक गिऱ्हाईक गेलं असेल तर गेलं. सासऱ्यांचा फोटो वरून बघत होता, त्याच्याकडे मी पाठ केली.

९ ऑगस्ट

सकाळी वन्सं वरून ओरडल्या, "माझा पिवळा झगा कुठे आहे गं?"

गेल्या थंडीपासून त्यांनी फिकट रंगाचं काही अंगाला लावलं नव्हतं. कपाटाच्या तळाशी होता. इस्त्री करून दिला. दिवसभर त्या तोच घालून काउंटरवर बसल्या, खुर्चीवर घडी न ठेवता. झगा त्यांना आता दुप्पट सैल होतो. मी दोनदा मुद्दाम मागून गेले.

संध्याकाळी त्यांनी तो बदलला तेव्हा मी डागाच्या टेबलावर नेला. उलटा केला, दिव्याखाली धरला. मागचा घेर, शिवण, अस्तर. पुन्हा सुलटा केला. पुन्हा शिवण. वन्सं दारात येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही.

"काय शोधतेस?"

"डाग."

"दिसला?"

"नाही. पण तुमच्या धुण्यावर माझा विश्वास नाही." मी झगा खाली ठेवला. "वन्सं, रक्त जातंय का? थेंबभर तरी?"

"नाही."

"काल?"

"नाही गं बाई."

"खरं सांगताय?"

"पंधरा दिवसांत नाही. अण्णांची शपथ. रोज रोज काय विचारतेस, कंटाळा कसा येत नाही तुला?"

नाही येत. उद्या सकाळी चहाच्या आधी पुन्हा विचारणार आहे.